ठळक केंद्रकी

पेशीची आकृती कशी काढायची हे मी बत्तीस वर्षं मुलींना शिकवत आले. नागपूरच्या महाल भागातली मुलींची शाळा, मराठी माध्यम, आठवी ते दहावी. आधी बाहेरची रेघ, एका दमात, पेन्सिल न उचलता. मग आत केंद्रक, म्हणजे पेशीचा सगळा कारभार जिथून चालतो तो गोल. आणि केंद्रकाच्या आत आणखी एक छोटा गोल, केंद्रकी. बाहेरच्या दोन रेघा मुली बऱ्या काढायच्या, पण केंद्रकीपाशी आल्या की त्यांना घाई व्हायची. पेन्सिलीचं टोक टेकवलं की झाली केंद्रकी, असा हिशेब. मी ते चालवून घेत नसे. ठिपका नको, नीट भरलेला गोळा हवा, केंद्रकाच्या भिंतीला न चिकटता आत दिसला पाहिजे, असं दरवर्षी बजावायची. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या वहीत लाल शाईने एकच शेरा असायचा, ‘केंद्रकी ठळक हवी’. अर्धा गुण जायचा.

नावावरून वर्गात दरवर्षी हशा व्हायचा. केंद्रक नवरा आणि केंद्रकी त्याची बायको का, असं कोणीतरी विचारायचंच. मी डोळे वटारायची आणि मग स्वतःच हसायची. सांगायची की बायको नाही गं, पण घरातलं काम तीच करते. पेशीत प्रथिनं तयार करणारे रायबोसोम नावाचे कण असतात, त्यांचे सुटे भाग केंद्रकीत घडतात. तिला स्वतःचं आवरण नसतं, भिंत नसते, तरी ती आपली जागा धरून असते. नावात केंद्र आहे म्हणून ती बरोबर मधोमध असेल असंही नाही, जरा बाजूला असते, कधी एकीच्या दोन असतात. एवढं सांगून मी पुढच्या धड्याकडे वळायची.

खरं सांगायचं तर मी स्वतः केंद्रकी नीट अशी कधी पाहिली नव्हती. शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा दाखवायचो, आयोडीन घालून. पिवळसर खोल्या दिसत, प्रत्येक खोलीत एक डाग. तो केंद्रक. त्याच्या आत काही दिसतंय असं एखादी मुलगी म्हणाली की मी ‘शाब्बास’ म्हणायची, पण मला स्वतःला ते दिसलं की नाही याची खात्री नसायची. मी शिकवायची ती केंद्रकी पुस्तकातली. ती पुस्तकात नेहमी ठळकच असायची.

माझी ताई भिवापूरला असते. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिची शाळा सातवीत सुटली, माझी चालू राहिली, कारण घरात एकीलाच पुढे पाठवणं जमणार होतं आणि ताईने ‘लहानीले शिकवा’ म्हणून स्वतःच सांगितलं. त्यामुळे माझ्या बीएस्सीचा, बीएडचा, नोकरीचा गर्व माझ्यापेक्षा तिला जास्त. औषधाच्या गोळ्यांचं पाकीट असो, नातवाच्या शाळेची सूचना असो की बियाण्याच्या पिशवीवरचं इंग्रजी, ती फोन लावून मला वाचायला लावायची. मीही कधी अडले नाही. एखादा शब्द नाही कळला तर अंदाजाने सांगून मोकळी व्हायची. मास्तरकीची सवय. वर्गात थांबलं की मुली हसतात, म्हणून थांबायचंच नाही.

त्या नोव्हेंबरात तिच्या मानेला गाठ आली. डाव्या बाजूला, कानाच्या खाली, बोराएवढी. दुखत नव्हती. तिने महिनाभर पदराखाली ठेवली आणि मग मला सांगितली. मी तिला नागपूरला बोलावून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने हाताने चाचपून सुईची तपासणी लिहून दिली. गाठीत बारीक सुई घालून आतल्या पेशी ओढून काचेवर पसरतात आणि बघतात, ती. रिपोर्ट घेऊन सोमवारी या, म्हणाला. ताई संध्याकाळच्या गाडीने परत गेली, कारण मिरची वाळायला घातली होती आणि देठं तोडायला बाया लागल्या होत्या. तिच्या अंगणात तेव्हा दहा-बारा जणी तरी बसतात. जाताना तिला एकाच गोष्टीची भीती होती, टीबीची. टीबी निघाला तर बाया अंगणात पाय ठेवणार नाहीत, मिरचीला हात लावणार नाहीत, असं ती बसस्टँडवर तीनदा म्हणाली.

रिपोर्ट शनिवारी मिळाला. मी शाळा सुटल्यावर स्कूटीने जाऊन घेतला आणि लॅबच्या पायऱ्यांवर उभी राहूनच वाचला. पहिल्यांदा टीबीचं पाहिलं. जंतू दिसले नाहीत, असं स्पष्ट होतं. तिथेच माझा जीव भांड्यात पडला आणि पुढचं सगळं मी त्या सुटकेच्या भरात वाचलं. कॅन्सर हा शब्द कुठेही नव्हता. पेशी मोठ्या आहेत, असं काहीसं होतं. आणि मग दोन शब्द आले, ‘प्रॉमिनंट न्यूक्लिओलाय’. न्यूक्लिओलस म्हणजे केंद्रकी, न्यूक्लिओलाय तिचं अनेकवचन. प्रॉमिनंट म्हणजे ठळक.

ठळक केंद्रकी.

मी त्या पायऱ्यांवर खरोखर हसले. हे लिहितानाही लाज वाटते, पण माझ्या मनात त्या क्षणी बरोबरची खूण उमटली. पूर्ण गुण. बत्तीस वर्षं जे मागत आले ते या कागदात कोणीतरी लिहून दिलं होतं. शेवटच्या ओळीत तुकडा काढून तपासण्याचा सल्ला होता. तो मी वाचला नाही असं नाही. वाचला आणि मनात म्हटलं, हे सगळ्यांनाच लिहितात.

तिथूनच ताईला फोन लावला. टीबी नाही म्हटल्यावर पलीकडून तिचा श्वास सुटलेला ऐकू आला.

“पेशी चांगल्या आहेत,” मी सांगितलं. “केंद्रकी ठळक आहे.”

“म्हंजे काय वं?”

“म्हंजे पेशी आपलं काम बरोबर करून राहिली.”

“मंग सोमवारी येऊ का नको?”

“कायले येतं? गाठ आपोआप बसते. मिरची उरकून घे पहिले.”

ती ‘बरं’ म्हणाली. एकदाही उलटून विचारलं नाही.

घरी आल्यावर नवऱ्याने कागद मागितला. तो वाणिज्य शाखेचा, त्याला त्यातलं काही कळणार नव्हतं. तरी चष्मा लावून त्याने तो खालपर्यंत वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. डॉक्टरला एकदा दाखवून घेऊ, म्हणाला. मी त्याच्या हातातून कागद घेतला. जीवशास्त्र मी शिकवते की तुम्ही, असं विचारलं. त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. आमच्या घरात या प्रश्नाला उत्तर नसतं, हे त्याला लग्नापासून माहीत होतं.

डिसेंबर गेला. संक्रांतीला मी भिवापूरला गेले तेव्हा गाठ सुपारीएवढी झाली होती आणि तिच्या खाली दुसरी लागत होती. ताई वाळली होती. रात्री अंग घामाने भिजते, म्हणाली. मी म्हटलं, दिवसभर उन्हात मिरचीपाशी बसतेस, वर पोटभर जेवत नाहीस, दुसरं काय होणार? गाठीवर गरम मीठ शेक, असंही सांगितलं. ती शेकत होती. मी सांगितलेली गोष्ट तिने केली नाही असं आजवर झालेलं नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस शाळेत विज्ञान दिन होता. दरवर्षी आम्ही एखाद्या माजी विद्यार्थिनीला बोलावतो. या वेळी जी आली ती मेडिकलला पॅथॉलॉजी करत होती, म्हणजे काचेवरच्या पेशी बघून रोग ओळखण्याचं शिक्षण. माझीच विद्यार्थिनी. पहिल्या बाकावर बसायची आणि केंद्रकी इतकी सुबक काढायची की मी तिची वही वर्गभर फिरवायची. भाषणाच्या सुरुवातीला तिने ते सांगितलंही आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी पुढच्या खुर्चीत चांगली फुगून बसले होते.

मग तिने पडद्यावर चित्रं लावली. पहिलं साध्या, निरोगी पेशींचं. जांभळे गोल, त्यात आत काही धड दिसत नव्हतं. ती म्हणाली की निवांत पेशीची केंद्रकी अशीच असते, बारीक, शोधावी लागते. दुसऱ्या चित्रात गोल मोठे होते आणि प्रत्येकात गडद, ठसठशीत गोळा होता. अगदी माझ्या फळ्यावरच्यासारखा. मागच्या मुली ओळखून ‘केंद्रकी, केंद्रकी’ म्हणाल्या. ती हसून म्हणाली, “मॅडमनी आपल्याला ठळक काढायला शिकवलं. पण आम्हाला काचेवर ती ठळक दिसली की आम्ही थांबतो. पेशी इतकी घाईने कशाची तयारी करतेय, असं विचारतो.”

पुढे ती बरंच बोलली. जखम भरून येतानाही केंद्रकी मोठी होते, कारण तिथे पेशींना भराभर काम असतं, आणि कॅन्सरमध्येही होते, त्याच कारणाने. नुसत्या तिच्यावरून काही ठरवता येत नाही. ती कुठे आहे, एक आहे की अनेक, मधोमध आहे की केंद्रकाच्या भिंतीला टेकलेली, यावरूनही काही गाठींचे प्रकार ओळखतात. मी हे सगळं ऐकलं, पण डोळ्यांसमोर ताईचा कागद होता. भिंतीला चिकटलेल्या केंद्रकीचा मी बत्तीस वर्षं अर्धा गुण कापत आले होते.

आभारप्रदर्शन चालू असतानाच मी स्टाफरूममध्ये गेले. रिपोर्ट तिथल्या माझ्या कपाटात होता, एका जाडजूड पुस्तकात ठेवलेला. कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी तिथे चहाला आली. मी तिला बाजूला घेऊन कागद दिला. कोणाचा हे सांगितलं नाही. तिने तो वाचला, मग तारीख पाहिली आणि परत पहिल्यापासून वाचला.

“मॅडम, हे नोव्हेंबरचं आहे,” ती म्हणाली. “बायोप्सीत काय आलं?”

मी म्हटलं, केली नाही. तिने का म्हणून विचारलं नाही. चहाचा कप खिडकीत ठेवला, तिथेच उभ्याने कोणाला तरी फोन लावला आणि दुसऱ्या दिवसाची वेळ घेतली. मला म्हणाली की कदाचित साधंही असेल, घाबरू नका, पण उद्याच आणा. मोठ्या माणसाने लहान मुलाशी बोलावं तशी ती माझ्याशी बोलली, आणि ते बरोबर होतं.

मी घरीसुद्धा गेले नाही. सक्करदऱ्याच्या चौकातून उमरेडकडची गाडी पकडली, तिथून भिवापूर. वाटेत नवऱ्याला फोन करून एवढंच सांगितलं की ताईला आणते. तो ‘आण’ म्हणाला. त्याने मला तेव्हा दोन शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं.

ताई अंगणात बायांसोबत बसली होती. मिरचीच्या खाटाने, त्या झोंबणाऱ्या तिखट वासाने, माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि ते मला सोयीचं झालं. एक लहानशी तपासणी राहून गेली, उद्या करून टाकू, असं मी सांगितलं. आवाज मी वर्गात काढते तसाच निघाला. पहिल्या चुकीवर मी हे खोटं चढवलं, आणि ते जाणूनबुजून. तिने हात धुतले, लुगड्याची घडी पिशवीत टाकली आणि बायांना म्हणाली, “लहानी घ्याले आली, जा लागते.”

गाठ काढून तपासली. लसिका ग्रंथींचा कॅन्सर निघाला. तोवर छातीतही गाठी झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, उपचार आहेत, या प्रकारात माणसं बरी होतात, वय मात्र थोडं आड येतं. ताई बाहेर बाकड्यावर बसली होती. मी त्यांना विचारलं की तीन महिने आधी आलो असतो तर? त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, “आता ते विचारून काय उपयोग, मॅडम?” मी मुलींना इतकी वर्षं प्रश्न विचारत आले आहे. उत्तर टाळणं कसं असतं, ते मला कळतं.

मार्चपासून ताई माझ्याकडे आहे. दर एकवीस दिवसांनी सलाइनमधून औषध देतात. पहिल्यानंतर केस गेले. दुसऱ्यानंतर तोंड आलं आणि आयुष्यभर झणझणीत खाणारी बाई पाण्यात कालवलेला भात गिळायला लागली. मी तिची सेवा केली असं लोक म्हणतात. शाळेतल्या बाया तर माझं उदाहरण देतात, बहीण असावी तर अशी. ते ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ताईला सांगायचं रोज ठरवायची आणि रोज काहीतरी निघायचं. तिला ताप आहे, आज तिचं पोट बिघडलंय, आज ती जरा हसतेय तर कशाला उगाच. सेवेची घाई अशी की बोलायला फुरसत नको.

एप्रिलमध्ये नववीचे पेपर तपासायला घेतले. पेशीच्या आकृतीचा प्रश्न होता. एका मुलीने केंद्रकी फिकट काढली होती, जवळजवळ पुसट, आणि भिंतीला टेकलेली. लाल पेन हातात धरून मी त्या पानावर किती तरी वेळ बसले. शेवटी पूर्ण गुण दिले, पण ते मला पटलं म्हणून दिले की भीतीने, हे माझं मलाच उमगलं नाही. उरलेला गठ्ठा मी दुसऱ्या बाईंना देऊन टाकला.

मे महिन्यातली दुपार होती, तिसऱ्या सलाइननंतरचा आठवडा. नवरा बँकेत गेला होता. कूलर चालू होता तरी खोली तापलेलीच होती. ताई पलंगावर डोक्याला ओढणी बांधून पडली होती आणि मी खाली बसून तिच्या पायाला तेल लावत होते. तिने डोळे मिटूनच विचारलं, “त्या पहिल्या कागदात खरंच चांगलं लिहून होतं काय?”

मी तेलाची वाटी बाजूला सरकवली आणि सगळं सांगितलं. पायऱ्यांवर उभं राहून वाचलं ते, शेवटची ओळ वाचून सोडली ते, नवऱ्याचं तोंड बंद केलं ते. ठळक म्हणजे चांगलं असं मी का धरलं, तेही सांगितलं, आणि सांगताना ते फार पोरकट वाटलं. फेब्रुवारीत तिला घ्यायला आले तेव्हा मला सगळं माहीत होतं, हेही सांगितलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण रडले. ताई रडली नाही. तिने मला थांबवलंही नाही. माझं बोलणं संपल्यावर मला वाटलं, आता ती मला काहीतरी बोलेल. तिने बोलावंच, असं मला आतून वाटत होतं.

तिने वेगळंच विचारलं.

“मी वाचीन काय वं?”

माझ्याकडे उत्तर तयार होतं. डॉक्टरांचं, माझ्या विद्यार्थिनीचं, शेजारणीच्या कोण्या नातेवाइकाचं. ‘वाचशील म्हंजे काय, ठणठणीत होशील’, हे वाक्य पार जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

“मले माहीत नाही, ताई.”

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण मायेनेही नाही. एखादं अनोळखी माणूस दारात यावं आणि ते कोण हे ओळखायचा प्रयत्न करावा, तसं काहीसं.

“एवढंच तवा म्हटलं असतं तू,” ताई म्हणाली, “त मी आली असती सोमवारी.”